स्वतः खेळायचं आणि टीम पण चालवायची, फ्रँक रॉबिन्सनने कसं केलं होतं?

थर्डबेस_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक हाय, सावकाश वाचा. आमच्या बेसबॉल क्लबचे सर बदली होऊन लातूरला गेले आणि जाता जाता मला म्हणाले, आता तूच खेळ आणि तूच टीम चालव, जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर आल्यात, नवा माणूस कुठून आणू. म्हणजे लाइन-अप (कोण खेळणार आणि कुठल्या नंबरला) मी लिहायची, पिचर (बॉल टाकणारा) कधी बदलायचा ते मी ठरवायचं, आणि वर थर्ड बेसला पण मीच उभं राहायचं. निम्मी पोरं शाळेपासून माझ्यासोबत आहेत, त्यांना बाकावर बसवलं तर संध्याकाळी पार्क चौकात चहाला कुठल्या तोंडाने जाऊ ते सांगा.

व्हिडिओ बघता बघता फ्रँक रॉबिन्सनचं नाव सापडलं. अमेरिकेत खेळता खेळता मॅनेजर झाला होता आणि म्हणे मॅनेजर म्हणून पहिल्याच मॅचला होमरन, म्हणजे बॉल थेट कुंपणापार. मराठीत काही मिळंना, इंग्रजीत नुसते आकड्यांचे तक्ते. कुणाला माहितीय का हा माणूस नक्की काय करायचा? आज मी खेळणार की बसणार हे स्वतःबद्दल कसं ठरवायचा? आणि एवढा मोठा प्लेयर तर मॅनेजर म्हणून पण तेवढाच मोठा झाला का? क्रिकेटच्या कॅप्टनचं उदाहरण नको प्लीज, ते प्रकरण वेगळं असतं.

डगआऊटवाला_अण्णा

चांगला प्रश्न काढलास बे. बस निवांत, लांब लिहितो.

आधी ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी. तिकडे मॅनेजर म्हणजे मैदानावरचा मुख्य माणूस, तोही खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआऊटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) बसतो, मॅचच्या आधी लाइन-अपचं कार्ड होम प्लेटवर (जिथे बॅटर उभा राहतो) अंपायरच्या हातात देतो, पिचर थकला की स्वतः चालत माउंडवर (बॉल टाकायच्या उंचवट्यावर) जाऊन त्याच्या हातातनं बॉल काढून घेतो. आणि एकदा बाहेर काढलेला प्लेयर त्या मॅचमध्ये परत येत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल विचार करून.

आता फ्रँक. जन्म १९३५, टेक्सासमधलं ब्यूमाँट, वाढला कॅलिफोर्नियात ओकलंडला. शाळेत बास्केटबॉलच्या टीममध्ये सोबत कोण, तर पुढे बास्केटबॉलचा दिग्गज झालेला बिल रसेल! १९५६ ला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, सिनसिनाटी रेड्सकडनं आला आणि पहिल्याच सीझनला ३८ होमरन, नवख्या खेळाडूच्या तेव्हाच्या रेकॉर्डची बरोबरी. उभा कसा राहायचा तर प्लेटला चिकटून, पार अंगावर बॉल येईल असा. पिचरने घाबरवायला आत टाकला तर मागे हटायचा नाही, अंगावर घ्यायचा, उठायचा, कपडे झटकायचा आणि पुढचा बॉल मारायचा. त्या पहिल्या वर्षात २० वेळा त्याला बॉल लागला. हे लक्षात ठेव, पुढे मॅनेजर म्हणून पण स्वभाव हाच राहिला.

मेजर लीगमध्ये नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग. १९६१ ला हा नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. १९६५ संपता संपता रेड्सच्या मालकाला वाटलं की हा तिशीच्या मानाने म्हातारा झालाय, आणि मिल्ट पॅपस नावाचा पिचर आणि अजून दोघं घेऊन याला बाल्टिमोर ओरियोल्सला देऊन टाकलं. मग १९६६ ला काय झालं बघ, सरासरी .३१६, होमरन ४९, आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेले रन) १२२, तिन्हीत अमेरिकन लीगमध्ये पहिला. ट्रिपल क्राउन. तिकडचा पण एमव्हीपी, वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांची फायनल) डॉजर्सला ४-० धुतलं आणि तिथला पण एमव्हीपी हाच. दोन्ही लीगचा एमव्हीपी झालेला हा एकटाच होता, ते थेट २०२४ ला ओहतानीने बरोबरी करेपर्यंत. मे महिन्यात लुई टियांट नावाच्या पिचरला असा मारला होता की बॉल मेमोरियल स्टेडियमच्या पूर्ण बाहेर. त्या स्टेडियममधनं बॉल बाहेर काढणारा हा एकटाच, तिथे नंतर नुसतं 'इथे' असं लिहिलेला झेंडा लावून ठेवला होता.

आता तुझ्या कामाचं. ओरियोल्समध्ये असताना हा कोर्ट भरवायचा. मॅच जिंकली की लॉकर रूममध्ये फ्रँक फरशी पुसायच्या मॉपचं डोकं विग म्हणून घालून जज व्हायचा आणि कोण बेसवर झोपला होता, कुणी फालतू थ्रो केला, सगळ्यांना किरकोळ दंड. हरल्यावर कोर्ट नाही! हसता हसता चुका बाहेर काढायच्या, आणि त्याही पोट भरलेलं असताना. तू तुझ्या दोस्तांना बाकावर बसवायची भीती बाळगतोस ना, हे कर आधी.

दुसरं, ज्याकडे कुणी बघत नाही. लोकांना वाटतं १९७५ ला क्लीव्हलँडने एकदम उचलून मॅनेजर केलं. तसं नाही. १९६८ च्या हिवाळ्यापासून हा प्वेर्तो रिकोला सांतुर्से नावाच्या टीमला जाऊन मॅनेजरकी करत होता. त्याच्या आधी तिथे अर्ल वीव्हर होता, जो पुढे ओरियोल्सचाच मॅनेजर, म्हणजे याचाच बॉस झाला. उन्हाळ्यात ओरियोल्सकडनं स्टार म्हणून खेळायचं आणि थंडीत तिकडे जाऊन पोरांची लाइन-अप लिहायची, हे काही वर्षं चाललं. सहा-सात हिवाळे घासल्यावर मग अमेरिकेत संधी आली. तेव्हा मेजर लीगमध्ये एकही काळा मॅनेजर झालेला नव्हता हे पण धर. जॅकी रॉबिन्सन (आधुनिक काळात मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू) १९७२ ला वर्ल्ड सिरीजच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर बोलून गेला होता की मला थर्ड बेसच्या बाजूला काळा मॅनेजर बघायचाय, आणि त्याच महिन्यात वारला.

८ एप्रिल १९७५, क्लीव्हलँड, कडाक्याची थंडी, ५६ हजारांवर पब्लिक. पहिला बॉल टाकायला जॅकीची बायको रेचल रॉबिन्सन. फ्रँकने स्वतःला दुसऱ्या नंबरला लिहिलं होतं, डीएच म्हणून, म्हणजे फिल्डिंग नाही फक्त बॅटिंग. जनरल मॅनेजर फिल सेगीने आग्रह केला होता की आज स्वतःला घालच. समोर यांकीजचा डॉक मेडिच. पहिल्या इनिंगला, पहिल्याच वेळी, लेफ्टला होमरन. मॅच ५-३ जिंकली.

स्वतःला कसं ठरवायचा ते उद्या लिहितो, आता लाइट जायची वेळ झाली आमच्याकडे.

कडकभाकरी

अण्णा भारी लिहिलंय, पण हिरो करायच्या नादात दुसरी बाजू सुटतेय. मॅनेजर म्हणून फ्रँकचा एकूण हिशोब १०६५ विजय आणि ११७६ पराभव, म्हणजे जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त. क्लीव्हलँड, सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर, माँट्रियाल, वॉशिंग्टन एवढं फिरून एकदाही प्लेऑफ (सीझननंतरचे बाद सामने) नाही. उलट टोनी ला रूसा बघा, खेळाडू म्हणून करिअरची सरासरी .१९९, म्हणजे फारच कमी, आणि मॅनेजर म्हणून १९८९, २००६, २०११ तीन वर्ल्ड सिरीज. टॉमी लासोर्डा पिचर म्हणून मेजर लीगमध्ये एक पण मॅच जिंकला नाही, ०-४, आणि डॉजर्सला दोनदा चॅम्पियन केलं. ब्रूस बोची बॅकअप कॅचर (बॅटरमागे बसून बॉल धरणारा), चार वर्ल्ड सिरीज. त्यामुळे प्रश्नकर्त्या भाऊ, मोठा खेळाडू मोठा मॅनेजर होतो हा हिशोबच डोक्यातनं काढा. बाकावर बसून बसून ज्याने गेम बघितलाय तोच चालवतो. ज्याला सगळं हातानेच जमतं त्याला दुसऱ्याला का जमत नाही तेच कळत नाही.

डगआऊटवाला_अण्णा

आकडे बरोबर आहेत कडकभाकरी, पण टीमा कसल्या मिळाल्या ते पण टाका की ओ.

१९८८ ला ओरियोल्स पहिल्या सहा मॅच हरले, मॅनेजर होता कॅल रिपकेन सीनियर, त्याला काढलं आणि फ्रँकच्या गळ्यात टाकलं. रिपकेनची दोन पोरं, कॅल आणि बिली, त्याच टीममध्ये खेळतायत! ज्यांच्या बापाला परवा घरी पाठवलं त्यांनाच सकाळी लाइन-अप वाचून दाखवायची. अजून पंधरा हरले, म्हणजे सीझनची सुरुवात ०-२१. वर्षाचा शेवट ५४-१०७. आणि पुढच्या वर्षी तीच टीम ८७-७५, टोरोंटोच्या फक्त दोन मॅच मागे, शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत. १९८९ चा मॅनेजर ऑफ द इयर फ्रँक.

माँट्रियालचं तर विचारूच नका. २००२ ला त्या टीमला मालकच नव्हता, लीगनेच विकत घेतलेली, म्हणजे खर्च करायचा की नाही हे ठरवणार बाकीच्या २९ टीमा. बंदच करायचं घाटत होतं. तरी २००२ आणि २००३ दोन्ही वर्षं ८३-७९. २००३ आणि २००४ ला घरच्या वीसेक मॅचेस दरवर्षी प्वेर्तो रिकोला सान हुआनमध्ये. २००३ च्या सप्टेंबरला प्लेऑफची थोडी आशा होती, तेव्हा सगळ्या टीमा खालनं जादा प्लेयर बोलावतात, यांना पैसे नाही म्हणून परवानगी दिली नाही. अशा ठिकाणी ला रूसाला बसवा आणि मग बोलू.

बाकी तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. सुरुवातीला फ्रँकचं तेच झालं. जो स्वतः अंगावर बॉल घेऊन उभा राहिला त्याला नखरे करणारे प्लेयर सहन होईनात. क्लीव्हलँडला गेलॉर्ड पेरी होता, १९७२ चा साय यंग (वर्षाचा सर्वोत्तम पिचर) विजेता, १९७४ ला २१ मॅच जिंकलेला. पगारावरनं वाजलं, फ्रँकपेक्षा एक डॉलर जास्त पाहिजे असं पेरी म्हणाल्याचं सांगतात, मग सरावाच्या पद्धतीवरनं वाजलं. गंमत म्हणजे त्या होमरनच्या मॅचला पूर्ण नऊ इनिंग बॉल टाकून जिंकून देणारा हाच पेरी. जूनमध्ये त्याला टेक्सासला देऊन टाकला.

थर्डबेस_जुळेसोलापूर

अण्णा लई भारी, पण माझं मेन राहिलं की. स्वतःला कधी खेळवायचा?

डगआऊटवाला_अण्णा

हां, तेच लिहायला आलतो.

१९७४ संपला तेव्हा याचे ५७४ होमरन होते. ६०० ला २६ कमी. हिट्सचं (बॉल मारून बेसवर पोचायचं) पण तसंच, ३००० दिसत होते. वय ३९. आणि लाइन-अप कोण लिहिणार? हाच! डीएचची जागा आहे, फिल्डिंगला पळायचं पण नाही, रोज स्वतःचं नाव लिहिलं असतं तर विचारणारं कोण होतं. पण १९७५ ला खेळला फक्त ४९ मॅच, ९ होमरन. १९७६ ला ३६ मॅच, ३ होमरन. संपलं. ५८६ होमरन आणि २९४३ हिट्स. म्हणजे ३००० ला ५७ कमी पडले आणि हा माणूस पेन हातात असून थांबला. तरुण पोरांना जागा दिली. क्लीव्हलँडची टीम १९७५ ला ७९-८० आणि १९७६ ला ८१-७८, त्या टीमने कित्येक वर्षांत ५० टक्क्यांच्या वर तोंड काढलं नव्हतं.

आता शेजारी पीट रोझ ठेव. १९८४ च्या ऑगस्टला सिनसिनाटीला प्लेयर-मॅनेजर म्हणून आला, टाय कॉबचा हिट्सचा रेकॉर्ड मोडायचा होता, वय ४४ झालं तरी फर्स्ट बेसला स्वतःला लिहीत राहिला आणि ११ सप्टेंबर १९८५ ला ४१९२ वा हिट मारला. स्टेडियम भरलं, टीव्हीवर सगळीकडे तेच. मी त्याला सरसकट नावं ठेवत नाही, पब्लिक त्यासाठीच येत होतं. पण फर्स्ट बेसचं एखादं पोरगं तेवढे दिवस बाकावर होतं हे पण खरंय. त्याच्यानंतर आजपर्यंत मेजर लीगमध्ये प्लेयर-मॅनेजर कुणी झालेला नाही. पुढे जुगाराच्या प्रकरणात १९८९ ला रोझवर बंदी आली तो विषय वेगळा.

माझं मत विचारशील तर फ्रँकचं करिअर ५८६ होमरनमध्ये नाही, त्या न मारलेल्या ५७ हिट्समध्ये बघ.

कॅचर_ताई

मी सॉफ्टबॉल खेळले विद्यापीठापर्यंत, कॅचर. आता शाळेत मुलींना शिकवते. अण्णांनी फ्रँकचं सगळं सांगितलं पण एक मॅच राहिली, ती मी सांगते कारण ती कॅचरची आहे.

२५ मे २००६. फ्रँक ७० वर्षांचा, वॉशिंग्टन नॅशनल्सचा मॅनेजर. मुख्य कॅचर दुखापतीने बाहेर, म्हणून मॅट लेक्रॉय नावाच्या राखीव माणसाला ग्लोव्ह दिला. समोर ह्यूस्टन. त्यांच्या लक्षात आलं की याच्या हातात थ्रो नाही, मग काय, पळायला लागले. सात स्टील, म्हणजे सात बेस चोरले! दोन थ्रो पण भलतीकडे गेले. टीम पुढे होती पण लीड वितळत चाललेली. सातव्या इनिंगच्या मधेच फ्रँक उठला आणि लेक्रॉयला बाहेर काढलं. इनिंग संपायची पण वाट बघितली नाही. कॅचरला असं मधनं काढणं म्हणजे काय असतं ते फक्त कॅचरला कळतं, शिन गार्ड सोडवत सगळ्या मैदानासमोर चालत यायचं.

मॅच ८-५ जिंकले. आणि नंतर पत्रकारांसमोर फ्रँक रडला. जिंकल्यावर! कारण त्या पोराचा काही दोष नव्हता, तो सांगेल तिथे खेळत होता आणि याला त्याला तसं उघड्यावर काढावं लागलं. लेक्रॉयने काय म्हटलं तर माझ्या वडिलांनी पण मला काढलंच असतं. हाच लेक्रॉय पुढे स्वतः मायनर लीगमध्ये मॅनेजर झाला.

म्हणून भाऊ, दोस्ताला बाकावर बसवताना वाईट वाटणारच आहे, ७० व्या वर्षी फ्रँकला वाटलं. वाटू दे. पण काढायचं तेव्हा काढायचं.

आता कामाचं. तू थर्ड बेसला उभा असताना पिचरचा चेहरा दिसतो पण बॉलची लाइन नीट दिसत नाही, ती दिसते कॅचरला. एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्याने चुलीत जाळ सारायचा असं होणार तुझं. म्हणून पिचर थकलाय का हे कॅचरने तुला खुणेने सांगायचं ठरवून घे. लाइन-अप आदल्या रात्री लिही, मैदानावर पोरं भोवती जमल्यावर लिहिलीस तर जो जास्त कटकट करतो तो वर जातो. आणि तुझी टीम बॅटिंगला असेल तेव्हा थर्ड बेसच्या कोच बॉक्समध्ये तूच उभा राहा, तुझी बारी येईपर्यंत.

एक महत्त्वाचं, तुला स्वतःला बाहेर काढायचा अधिकार दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे. फ्रँक ५७ हिट्स सोडू शकला, सगळ्यांना जमत नाही. मला तरी जमलं नसतं.

कडकभाकरी

ताई ही लेक्रॉयची माहितीच नव्हती. बरं एक अवांतर, आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर पण भारताचे कॅप्टन होते आणि नंतर निवड समितीचे अध्यक्ष. क्रिकेट नको म्हटलंय तरी टाकतो, सोलापूरकर म्हणून हक्क हाय.

आणि अण्णा, टीमा खराब होत्या हे मान्य. तरी १६ सीझन मॅनेजर राहून एकदाही प्लेऑफ नाही ही गोष्ट मला पुसता येत नाही. १९८२ ला सॅन फ्रान्सिस्कोची टीम ८७-७५ होती, दोन मॅचने राहिली. म्हणजे दोनदा जवळ आला आणि दोनदा दोनच मॅचने सुटलं.

डगआऊटवाला_अण्णा

नका पुसू. १९८२ ला त्याच वर्षी हॉल ऑफ फेमला (बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान) पण गेला, हँक आरनसोबत. खेळाडू म्हणून गेला, मॅनेजर म्हणून नाही, हे तुमच्याच बाजूचं. २०१९ ला वारला तोपर्यंत लोक त्याला दोन्हीसाठी ओळखत होते एवढं मात्र खरं.

थर्डबेस_जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. ताईचं ऐकून काल कॅचरशी बोललो, पिचर थकला की मास्क वर करून दोनदा कपाळ पुसायचं ठरलंय. तो म्हणाला मे महिन्यात सोलापुरात मी प्रत्येक बॉलला कपाळ पुसतो, तू दर मिनिटाला पिचर बदलशील. मग आता शिन गार्डवर दोनदा हात मारायचा.

मला बाहेर काढायचा अधिकार कुणाला द्यायचा ते राहिलंय. आमचा फर्स्ट बेसवाला शांत हाय पण त्याची आणि माझी जागा सोडून बाकी सगळ्यात वाजतं. आणि कोर्ट या रविवारी भरवणार, मॅच जिंकली तर. घरी मॉप नाही, फडकं बांधलं तर चालतंय का?

कॅचर_ताई

फर्स्ट बेसवाल्यालाच दे. ज्याच्याशी वाजतं तोच वेळेवर काढेल.

डगआऊटवाला_अण्णा

फडकं चालतंय. दंड शेंगा चटणीच्या पुडीत घे, पैसे नको, पैशावरनं भांडणं होतात.